मदत हवी आहे: १९११ च्या मृत्युदराची तुलना कशी करू?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या एका छोट्या अर्बन डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे तिथल्या शहरी स्थानिक प्रशासनाच्या विभागाच्या) आरोग्य अधिकाऱ्याचे जुने वार्षिक अहवाल वाचतेय आणि १९११ पाशी अडकलेय. त्या वर्षीच्या कडक उन्हाळ्यात अतिसाराने तान्ही मुलं फार गेली. इंग्लंड-वेल्सचा बालमृत्युदर दर हजार जन्मांमागे १९१० मधल्या १०५ वरून १३० वर गेला. एवढं समजलं. पण डिस्ट्रिक्टच्या १९११ च्या अहवालात मृत्यूंचे आकडे दोन आहेत, एकूण आणि निव्वळ. निव्वळमध्ये बाहेरच्या इस्पितळात वारलेले इथले रहिवासी धरलेत, इथे वारलेले परगावचे वगळलेत. १९०५ च्या अहवालात मात्र एकच आकडा! मग तुलना कशाशी करायची? शिवाय दोन जनगणनांमधली लोकसंख्या फक्त अंदाजाची, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या जन्मदरावरही भरवसा कितपत ठेवावा? कुणी असं काम केलंय का?