इंद्रवदनशिवाय साराभाई? माझ्याकडून सपशेल नकार

फणसवाडीकर

ऑक्टोबर २०२५ मध्ये सतीश शाह गेले. तेव्हापासून एक मागणी सारखी वाचनात येतेय: 'साराभाई व्हर्सेस साराभाई'चा तिसरा सीझन काढा. इंद्रवदनच्या जागी दुसरा कुणी घ्या, नाहीतर फोटोला हार घालून गोष्ट पुढे न्या. हीच म्हणे खरी श्रद्धांजली. माझा याला विरोध आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: २००४ ते २००६, स्टार वनवरची हिंदी विनोदी मालिका. कफ परेडमधलं श्रीमंत गुजराती कुटुंब. माया (रत्ना पाठक शाह) म्हणजे शिष्टपणाचा अर्क. थोरली सून मोनिशा (रूपाली गांगुली) काटकसरी, पसारेवाली. तिचं खरं नाव मनीषा, पण ते सासूबाईंना फारच 'मिडल क्लास' वाटलं म्हणून बदललेलं. धाकटा रोसेश (राजेश कुमार) कवी आणि आईचं शेपूट. थोरला साहिल (सुमीत राघवन) सगळ्यांच्या मध्ये चेपलेला. आणि इंद्रवदन (सतीश शाह), वयाने घरातला कर्ता, वागण्याने घरातलं सगळ्यात वांड कार्टं.

आता रोसेशच्या कवितेचा कुठलाही प्रसंग लावा. तो घसा खाकरतो. मायाच्या चेहऱ्यावर पहिल्या ओळीच्या आधीच कौतुक दाटलेलं. साहिल नजर चुकवतो. आणि इंद्रवदन? वाक्य एकही नाही. नुसता सोफ्यावर जरा सावरून बसतो, सावज टप्प्यात आल्यासारखा. कविता चालू असते, पण आपण बघत असतो सतीश शाहांकडे: आता हा माणूस काय बोलणार? आतिश कपाडियांचं लेखन उत्तमच आहे, पण ही वाट बघायला लावणं कागदावर कसं लिहिणार? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेला, 'ये जो है जिंदगी'त दर भागात नवं सोंग घेणारा नट होता तो. त्याच्या जागी 'दुसरा कुणी' म्हणजे नक्की कोण?

अनुस्वार

असहमत. आणि हे नाटकवेड्या माणसानं म्हणावं? विजय चव्हाणांची 'मोरूची मावशी' पुढे भरत जाधवनी केलीच ना? 'ती फुलराणी' म्हणजे भक्ती बर्वे, असं म्हणणाऱ्या पिढीच्या डोळ्यांदेखत अमृता सुभाषनी ती उभी केली. भूमिका खणखणीत लिहिलेली असेल तर नट बदलला तरी तग धरते. धरत नसेल तर लिखाणच लेचंपेचं होतं असं म्हणा की! एकीकडे लेखन उत्तम म्हणायचं आणि दुसरीकडे एका माणसावाचून ते कोसळतं म्हणायचं, हे काय?

फणसवाडीकर

नाटकाची संहिता आधी पूर्ण होते, नट नंतर येतो. मालिका चालू असताना लेखक नटाकडे बघून लिहितो. राजेश कुमारांनी तो चमत्कारिक आवाज काढला नसता, तर इंद्रवदन त्या आवाजाच्या नकला कशाच्या जोरावर करणार होता? दुष्यंतचंच बघा. बिघडलेला फ्रिज दिसला की जावईबापू त्यात डोकं घालून अख्खी यंत्रणा समजावत सुटतात. ते काम करणारे देवेन भोजानीच मालिकेचे दिग्दर्शकही होते. असा घट्ट विणलेला गट होता. एक धागा ओढून तिथे दुसरा घालता येत नाही.

सातारी तर्री

मला मुळात एवढी डोक्यावर घेण्यासारखी ही मालिका वाटतच नाही. दक्षिण मुंबईतली बाई भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या सुनेला उठताबसता हिणवते आणि आपण, म्हणजे घासाघीस करणारेच, खो खो हसतो! आमच्याकडे पाहुण्यांपुढे चिवड्याचा डबाच सरकवला, की कन्यारत्न म्हणतं, 'सो मिडल क्लास, बाबा!' हे तिला कुणी शिकवलं? ती मालिका संपली तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती. रील बघून शिकली. तुमचं ते लाडकं वाक्य आता लोक खरंच एकमेकांना लाज आणायला वापरतात.

उकडीचा मोदक

तर्रीसाहेब, माया टोमणा मारते, पण हसं कुणाचं होतं? आवाज जराही न चढवता ती अपमानाची रांगोळी काढत बसते आणि मोनिशा ढिम्म! तिला स्वतःच्या स्वस्ताईची काडीचीही लाज नाही. सासरा तिच्या बाजूचा. हरते ती मायाच.

शिवाय काळ आठवा. त्या वेळी सासू-सून म्हणजे कटकारस्थानं आणि डोळ्यांत ग्लिसरीन. इथेही सासू-सूनच, पण भांडण कशावरून, तर टेबलावरच्या रुमालावरून. गंमत म्हणजे तीच मोनिशा २०२० पासून 'अनुपमा' म्हणून टीआरपीचे डोंगर चढतेय, आणि तेही पदर डोळ्याला लावून. साराभाईला मात्र तेव्हा टीआरपी मिळाला नाही, म्हणून गुंडाळली.

नेने, एडिसन

नेमकं हेच विचारायचं होतं. इथे गळे काढणाऱ्यांपैकी तेव्हा स्टार वन कोण लावत होतं? जेमतेम सत्तरेक भाग झाले आणि बंद. हे सगळं प्रेम नंतरचं, पुनःप्रक्षेपणांवर आणि यूट्यूबवर वाढलेलं. इकडे आमच्या मंडळात गुजराती-मराठी एकत्र जमले की अंताक्षरीआधी रोसेशच्या कवितांची नक्कल होते. त्यातल्या निम्म्यांनी एक भाग सलग पाहिलेला नाही.

उशिरा जडलेलं प्रेम खोटं असतं असं नाही. पण ते पात्रांपेक्षा माणसांवर जास्त आहे. सतीश शाहांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ही सगळी मंडळी मालिकेचं शीर्षकगीत म्हणत उभी होती. तो व्हिडिओ पाहून मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. मालिका बंद पडून एवढी वर्षं झाल्यावरही जे एकमेकांसाठी असे गातात, त्यांनी पुन्हा एकत्र काम करावं असं वाटणारच. त्याला बाजारूपणा म्हणू नका.

अनुस्वार

फणसवाडीकर, 'घट्ट विणलेला गट' हा तुमचा हुकमाचा पत्ता ना? मग २०१७ चं 'टेक टू', म्हणजे दुसरा सीझन घ्या. हॉटस्टारवर आलं. तीच माया, तोच इंद्रवदन, मोनिशा, साहिल, रोसेश. सगळे हजर. तरी पहिल्याची सर आली का? नाही. म्हणजे नुसत्या नटसंचानं भागत नाही, हे सिद्ध झालं.

फणसवाडीकर

अहो, हे तर माझ्याच बाजूने झालं! सगळे असताना जमलं नाही, ते एक नसताना कसं जमेल? २०१७ मध्ये प्रत्येक जण आपापल्या पात्राची नक्कल करतोय असं वाटत होतं. आम्ही चाहत्यांनी दहा वर्षं 'तेच करा, तेच करा' म्हणून कान किटवले, त्यांनी तेच केलं.

वसुधाताई

तुमचं वाचतेय मघापासून. एवढं प्रेम आपल्या टिपऱ्यांच्या वाट्याला का नाही आलं रे? २००१ साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागायची. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून, केदार शिंदेंचं दिग्दर्शन. आबा रात्री डायरी लिहायला बसले की आमच्या घरात कुणी ताट वाजवायचं नाही. माया त्या घरात आली असती तर सोफ्यावर रुमाल अंथरून बसली असती, एवढं खरं.

आणि नट बदलण्याचं म्हणाल, तर चिमणराव-गुंड्याभाऊंमधले गुंड्याभाऊ आमच्या पिढीला बाळ कर्वेंशिवाय दिसतच नाहीत. तरी कुणी नवे केले तर मी बघीन. नावं ठेवायला का होईना, बघीनच.

सातारी तर्री

ताई, टिपऱ्यांना लाख वेळा अनुमोदन. तिथे चार पैसे वाचवणाऱ्याला कुणी नाक मुरडत नव्हतं.

नेने, एडिसन

मधला मार्ग सुचवतो. सीझन नको, नवा इंद्रवदनही नको. राहिलेल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी रंगमंचावर यावं, जुन्या भागांचं वाचन करावं, रोसेशनं कविता म्हणाव्यात. सुमीत राघवन सूत्रसंचालन मराठीतही झोकात करतील. इंद्रवदनची वाक्यं प्रेक्षकच म्हणतील, त्यांना पाठ आहेत.

अनुस्वार

म्हणजे इंद्रवदनच्या जागी आठशे हौशी नट. फणसवाडीकर, हे चालेल?

फणसवाडीकर

हे चालेल. पार्ल्याला ठेवा.

सातारी तर्री

तिकीट मोनिशाच्या दराने असेल तर मीही येतो. डब्यातून चिवडा आणीन, कन्येला शेजारी बसवून खाईन.