मुलाला दमा, बेडरूमच्या भिंतीला ओल: एअर प्युरिफायर घ्यावा का?

डोंबिवलीची_आई
मुलगा आठ वर्षांचा, दमा आहे. पाऊस लागला की पहाटे खोकला सुरू, छातीत घरघर, मग पंप. शाळेत, मैदानात काही नाही. आजोळी नाशिकला गेला की ठणठणीत. म्हणजे घोळ आमच्याच घरात आहे. ॲलर्जी टेस्टमध्ये धुळीतले किडे (माइट्स) आणि बुरशी, दोन्ही निघालं.

दुसरा मजला, पश्चिमेची बेडरूम, दहा बाय बारा. कपाटामागच्या भिंतीला काळे ठिपके आणि पोपडे. रंग गेल्याच दिवाळीत काढलाय! त्या कपाटालगत मुलाची कापसाची गादी. रात्री डासांसाठी कॉइल, सकाळी सासूबाईंचा धूप. दुकानदार म्हणतो पंधरा हजारांचा प्युरिफायर घ्या, सगळं मिटेल. नवरा म्हणतो घेऊन टाकू. माझं मन घेत नाही.

ओल_स्पेशालिस्ट_ठाणे
ताई, मशीन राहू द्या, आधी कपाट सरकवा. वॉटरप्रूफिंगची कामं करण्यात माझं आयुष्य गेलंय. दमा असलेल्या घरात गेलो की मी पहिलं कपाटामागे डोकावतो. भिंतीला चिकटून ठेवलेल्या फर्निचरमागे हवा खेळत नाही, तिथेच बुरशी धरते. निदान वीतभर फट ठेवा.

ओल कुठली ते शोधायची एक फुकट युक्ती सांगतो. भिंतीचा एक भाग कोरडा पुसून घ्या, त्यावर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दिवसभर सोडा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे धरलं, तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतला दमटपणा. दोन्हींचे इलाज वेगळे. भिंतीतली ओल बारमाही असेल तर पाइप किंवा बाथरूमचा नानी ट्रॅप (जमिनीतली पाणी जायची जाळी) बघा. फक्त पावसात येत असेल तर बाहेरच्या प्लास्टरची भेग.

आणि ओल्या भिंतीवर रंग काढणाऱ्या पेंटरला परत घरात घेऊ नका. पोपडे आलेच ना? लांबी (पुट्टी) भरली, रंगाचे दोन हात मारले, पैसे घेतले, गेला. भिंत सुकल्याशिवाय काहीही टिकत नाही, आणि ती सुकते उन्हाळ्यात. पक्कं काम मार्च ते मे मध्येच. तोवर बुरशी कोरडी खरवडू नका, तिची पूड घरभर उडते. साबणाच्या पाण्याने ओली करून, तोंडाला मास्क लावून पुसा, मुलगा तेव्हा घरात नको. आणि ब्लीचिंगमध्ये बाथरूमचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. चांगल्या माणसाचा श्वास कोंडतो, तिथे दमेकऱ्याचं काय घेऊन बसलात.

छातीच्या_वॉर्डातली_सिस्टर
वरच्या दादांशी सहमत. माझ्या बाजूने भर घालते.

कॉइल आजपासून बंद. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगरेटींइतके भरले होते. बंद खोलीत, मुलाच्या उशाशी ती जळतेय. खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी, यापेक्षा चांगला उपाय नाही.

माइट्स हवेत तरंगत बसत नाहीत, ते गादी-उशीत राहतात. प्युरिफायर गादीतलं काही ओढून घेणार नाही. गादी-उशीला चेनचं, घट्ट विणीचं माइटप्रूफ कव्हर घाला. चादरी, अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात. गोधडी नुसती उन्हात टाकून भागत नाही; ऊन लागून माइट्स मरतात, पण त्यांची विष्ठा, जिची खरी ॲलर्जी असते, ती आतच राहते. ती धुवायलाच लागते. धुता न येणारं टेडी असेल तर घरातून गेलेलं बरं.

हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहिली की माइट्सना जगणं अवघड होतं. डोंबिवलीच्या जुलैत ते होणं कठीण, पण एसी असेल तर रात्री ड्राय मोडवर ठेवा आणि आर्द्रता मोजणारा काही शे रुपयांचा हायग्रोमीटर आणा. बेडरूममध्ये कपडे वाळत घालायचे नाहीत. केर काढताना मुलगा बाहेर, आणि झाडूपेक्षा ओलं फडकं बरं.

हे सगळं झाल्यावर प्युरिफायर घ्यायचा तर घ्या. खरा हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) हवा. तुमच्या खोलीत साधारण ३२ घनमीटर हवा आहे. तासाला पाच वेळा गाळायची तर सीएडीआर (मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा) १६० च्या वर पाहिजे. ओझोन सोडणारं मशीन नको, ओझोनने दमा बिघडतो. फिल्टर बदलण्याचा खर्च आधी विचारा, दुकानदार तो आपणहून सांगत नाही. आणि रोजचा प्रतिबंधक पंप कुठल्याही मशीनच्या भरवशावर बंद करायचा नाही.

बाल्कनीतली_बाग
स्नेक प्लांट ठेवा, हवा शुद्ध होते. नासाने सांगितलंय.

छातीच्या_वॉर्डातली_सिस्टर
नासाचा तो १९८९ चा प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये झाला होता. घरात वाऱ्याची ये-जा असते, तिथे तेवढा परिणाम मिळायला दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील, असा हिशोब नंतर निघाला. झाड आवडत असेल तर बाल्कनीत लावा. बेडरूममध्ये ओली माती म्हणजे बुरशीला आणखी एक घर.

कोथरूडची_आज्जी
धूप बंद करायला सासूबाईंना तू सांगू नकोस गं, तुझ्या नवऱ्याला सांगू दे. त्याहून बरं म्हणजे त्यांनाच डॉक्टरकडे घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. माझ्या नातीच्या वेळी मी सुनेचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरांचं मुकाट ऐकलं. आता देवाला फुलं, गंध, नैवेद्य सगळं आहे; उदबत्ती बाल्कनीत तुळशीपाशी, आतलं दार लोटून. देव काही रागावला नाही. आणि फोडणीच्या आधी एक्झॉस्ट लाव, ठसका बसल्यावर लावून काय उपयोग?

डोंबिवलीची_आई
प्लास्टिक लावून बघितलं. आतल्या बाजूला थेंबच थेंब! ओल फक्त पावसातच येते, जानेवारीत भिंत कोरडी खडखडीत असते. मुलाला हॉलमध्ये झोपवतेय, कॉइल बंद. धुपाचं नवऱ्यावर सोपवलंय, बघू. पण सेक्रेटरी म्हणतात, भिंत तुमच्या घरातली, खर्च तुमचा. खरं का?

ओल_स्पेशालिस्ट_ठाणे
नाही. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी काढून दाखवा त्यांना. पावसाच्या पाण्याने बाहेरून होणारी गळती आणि सामाईक पाइपची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम. तुमच्या संडास-बाथरूममधून होणारी गळती मात्र तुमची. तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत त्या प्लास्टिकचे तारखेसकट फोटो आणि मुलाच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. आत्ताच दिलात तर उन्हाळ्यात परांची लागेल. एप्रिलमध्ये दिलात तर कोटेशनं मागवता मागवता पुढचा पाऊस येईल.