मदत हवी आहे: अवकाश स्थानकावरच्या एन्टेरोबॅक्टरचा जीनोम 74 लाख बेसचा येतोय

तापीकाठ
आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून आणलेल्या एन्टेरोबॅक्टर बुगान्डेन्सिस या जीवाणूचे रीड्स (डीएनएचे वाचलेले छोटे तुकडे) एसआरए या सार्वजनिक डेटा भांडारातून उतरवले आणि असेंब्ली केली, म्हणजे तुकडे जोडून जीनोम (जीवाणूचा पूर्ण डीएनए) उभा केला. 49 लाख बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपास यायला हवं, 74 लाख येतंय. दोनदा चालवलं, आकडा तोच. सोमवारी विभागात दाखवायचंय. काय चुकतंय? लवकर सांगा.

भुसावळ_अप
रीड्स इल्युमिनाच्या यंत्रावरचे की नॅनोपोरच्या? असेंब्लर कोणता, पर्याय कोणते दिले? जीसी (जी आणि सी या बेसचं प्रमाण) किती? चेकएम (जीनोम किती पूर्ण, किती भेसळीचा ते सांगणारं सॉफ्टवेअर) चालवलं का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, आम्ही इथून काय ओळखणार?

सातपुडा_लॅब
हे किटमधलं दूषण आहे. डीएनए काढायच्या रसायनांतच राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम, मिथायलोबॅक्टेरियम यांचा डीएनए सापडतो. स्थानकावरून पुसून आणलेल्या नमुन्यात पेशी इतक्या कमी असतात की किटचा डीएनएच वरचढ ठरतो. कोरा (जीवाणू नसलेला) नमुना सोबत चालवल्याशिवाय एकाही निकालावर विश्वास ठेवू नका. शिवाय मेलेल्या पेशींचा डीएनए नको असेल तर आधी पीएमए लावावं लागतं. ते रसायन फुटलेल्या पेशीत शिरून डीएनएला चिकटतं, उजेडात पक्कं बसतं आणि मग तो डीएनए पीसीआरमध्ये वाढत नाही.

भुसावळ_अप
@सातपुडा_लॅब माहिती बरोबर आहे, पण ती थेट पुसलेल्या नमुन्याच्या मेटाजीनोमसाठी (त्यातल्या सगळ्या जीवाणूंच्या एकत्र डीएनएसाठी). हा प्लेटवर वाढवलेला शुद्ध जीवाणू आहे. एका कॉलनीपासून वाढवलेल्या पेशींत डीएनए भरपूर निघतो, किटचा अंश त्यात बुडून जातो. त्याने जीनोम 25 लाखांनी फुगत नाही.

तापीकाठ
इल्युमिना, 150 बेसचे जोडीचे रीड्स. फास्टपीने छाटले, मग स्पेड्स हा असेंब्लर, आयसोलेट (एकाच शुद्ध जीवाणूसाठीचा) पर्याय लावून. जीसी 47.9 टक्के. चेकएम: पूर्णता 100, दूषण 97. डेटाच खराब दिलाय असं वाटतंय.

पांझरा
सोपा उपाय. फास्टा फाईलमध्ये प्रत्येक कॉन्टिगच्या (जोडून झालेल्या सलग तुकड्याच्या) नावात कव्हरेज (तो भाग किती वेळा वाचला गेला) असतं. कमी कव्हरेजचे सगळे कॉन्टिग उडवा, उरेल तो तुमचा जीनोम. पाच मिनिटांचं काम.

भुसावळ_अप
@पांझरा असं छाटू नका. एक तर ते कव्हरेज के-मरचं (के इतक्या बेसच्या तुकड्यांचं) असतं, रीड्सचं नाही. 150 चे रीड्स आणि शेवटचा के 77 असेल तर आकड्याला 150 भागिले 74 ने, म्हणजे साधारण दुपटीने गुणावं लागतं. दुसरं, प्लाझमिडचं (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएचं) कव्हरेज गुणसूत्रापेक्षा वेगळं असू शकतं. एन्टेरोबॅक्टरमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणारे जीन पुष्कळदा प्लाझमिडवरच बसलेले असतात. स्थानकावरच्या या जीवाणूचा अभ्यास होतो तो याच प्रतिकारामुळे, आणि तेच कापून टाकलं तर मागे राहिलं काय?

@तापीकाठ जीसीकडे बघा. या जीवाणूचा जीसी 56 च्या आसपास असतो. तुमचा 47.9 आहे, म्हणजे बराच कमी जीसी असलेलं काहीतरी मिसळलंय. 25 लाख बेस 32 टक्के जीसीचे धरले तर सरासरी बरोबर 47.9 येते. 25 लाख आणि 32 टक्के हे मोजमाप स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारख्या, माणसाच्या त्वचेवरच्या जीवाणूचं आहे. दूषण 97 याचा अर्थ एकदाच यायला हवेत ते खुणेचे जीन जवळपास सगळे दोनदा आलेत. म्हणजे हा किरकोळ कचरा नाही, दोन अख्खे जीनोम आहेत. प्रत्येक कॉन्टिगचा जीसी आणि कव्हरेज आलेखावर मांडा, दोन वेगळे पुंजके दिसतील. आणि रीड्सच्या फाईली किती होत्या ते सांगा.

तापीकाठ
मांडलं. एक पुंजका 56 वर, के-मर कव्हरेज 60. दुसरा 32 वर, कव्हरेज 17. फाईली दोन रनच्या (यंत्रावरच्या दोन वाचनांच्या). एकाच बायोप्रोजेक्टमधल्या होत्या म्हणून कॅट आज्ञेने तारांकन देऊन एकत्र जोडल्या. एका नमुन्याच्या दोन लेन असतील ना?

पांझरा
हेच कारण. जीझिप (आकसलेल्या) फाईली अशा थेट जोडल्या की बिघडतात. आधी उलगडून मग जोडायच्या.

नंदुरबार_42
@पांझरा नाही. जीझिपच्या फाईली एकामागोमाग जोडल्या तरी फाईल वैधच राहते. मोजून बघा: जोडलेल्या फाईलमधल्या ओळी भागिले चार (एका रीडला चार ओळी), आणि मूळ फाईलींतल्या रीड्सची बेरीज, दोन्ही आकडे जुळतात. जोडताना पहिल्या आणि दुसऱ्या दिशेच्या फाईलींचा क्रम मात्र सारखा ठेवायचा.

भुसावळ_अप
सापडलं. बायोप्रोजेक्ट म्हणजे अख्खा प्रकल्प, त्यात कितीतरी वेगवेगळे जीवाणू असतात. रनच्या यादीत बायोसॅम्पलचा (मूळ नमुन्याचा) रकाना बघा. दोन रनचे बायोसॅम्पल क्रमांक वेगळे असतील तर ते दोन वेगळे जीवाणू. जोडायच्या त्या फक्त एकाच बायोसॅम्पलच्या आणि एकाच लायब्ररीच्या (वाचनासाठी तयार केलेल्या डीएनएच्या) फाईली.

जुनी असेंब्ली चाळत बसू नका, रीड्सपासून परत सुरू करा. लॅपटॉपची मेमरी 16 जीबी असेल तर स्पेड्सला मेमरीची मर्यादा 14 द्या, नाहीतर ते आपणहून 250 जीबीची मर्यादा धरून चालतं आणि मशीन अडकतं. क्राकेनसाठी (रीड कुठल्या जीवाणूचा ते ओळखणारं सॉफ्टवेअर) 8 जीबीचा छोटा डेटाबेस पुरतो. चेकएमला छोट्या झाडाचा (वंशवृक्षाचा) पर्याय द्या, मेमरी कमी लागते. 500 बेसपेक्षा लहान कॉन्टिग शेवटी काढून टाका. लोडशेडिंगची वेळ बघून चालवा. मध्येच वीज गेली तर त्याच आउटपुट फोल्डरवर कंटिन्यू पर्याय द्या, पहिल्यापासून चालवायची गरज नाही.

अवकाशवेडा_धुळे
यापेक्षा नॅनोपोर घ्या ना! 2016 मध्ये केट रुबिन्स यांनी स्थानकावरच मिनआयन या नॅनोपोरच्या छोट्या यंत्राने डीएनए वाचला. 2017 मध्ये तर पेगी व्हिटसन यांनी तिथल्याच पृष्ठभागावरचे जीवाणू तिथेच ओळखले.

नंदुरबार_42
@अवकाशवेडा_धुळे 2017 मध्ये 16एस जीन (जीवाणू ओळखायला वापरतात तो) वाढवून ओळख पटवली होती, पूर्ण जीनोम नव्हता. आणि इथे प्रश्न उतरवलेल्या डेटाचा आहे. आपल्याकडे घ्यायचंच असेल तर फ्लो सेल (यंत्राचा डीएनए वाचणाऱ्या छिद्रांचा भाग) 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात जळगावचा पारा 45 ला टेकतो, तेव्हा बर्फाच्या पाकिटांशिवाय मागवू नका. आल्याबरोबर छिद्रं मोजा. मिनआयनच्या सेलमध्ये 800 पेक्षा कमी निघाली तर मुदतीत कळवून बदलून घ्या. भरताना हवेचा एक बुडबुडा आत गेला तरी त्याच्या वाटेतली छिद्रं निकामी होतात.

रावेर_केळी
वर मिथायलोबॅक्टेरियमचं नाव आलं म्हणून विचारतो. केळीच्या टिश्यू कल्चरच्या बाटल्यांत कंदाभोवती गुलाबी वाढ दिसते, तीही तीन-चार आठवड्यांनी. हा तोच का?

सातपुडा_लॅब
@रावेर_केळी शक्यता मोठी आहे. तो वनस्पतीच्या आतच राहतो, त्यामुळे वरवरच्या निर्जंतुकीकरणाने जात नाही, आणि सावकाश वाढतो म्हणून उशिरा दिसतो. खात्रीसाठी खनिज क्षारांच्या माध्यमात कार्बन म्हणून फक्त 0.5 टक्के मिथेनॉल द्या. त्यावर गुलाबी कॉलनी आली तर बराचसा उलगडा झाला, मग 16एस करा. स्थानकावरही याच कुळातली नवी जात सापडली. मिथायलोबॅक्टेरियम अजमली हे तिचं नाव 2021 मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे सय्यद अजमल खान यांच्यावरून ठेवलं. झाडाच्या वाढीला हातभार लावणारे जीनही तिच्यात मिळाले. म्हणून गुलाबी दिसली की बाटली फेकण्याआधी एक रेघ प्लेटवर ओढून ठेवा.

तापीकाठ
बायोसॅम्पल वेगळेच निघाले. दुसरा रन स्टॅफिलोकॉकसचा होता. एकट्या रनवर परत चालवलं: 49 लाख, जीसी 56, दूषण 1 च्या आत. डेटा खराब म्हटलं ते मागे घेतो. आता हा बुगान्डेन्सिसच आहे हे कसं दाखवू? 16एस पुरेल का?

भुसावळ_अप
नाही पुरणार. एन्टेरोबॅक्टरच्या जातींचे 16एस एकमेकांशी फार जुळतात. प्रमाणित स्ट्रेनच्या जीनोमशी एएनआय (दोन जीनोम सरासरी किती टक्के जुळतात तो आकडा) काढा, 95-96 च्या वर आला तर जात तीच. त्याच तक्त्यात एन्टेरोबॅक्टर क्लोएकी या दुसऱ्या जातीचाही आकडा ठेवा, परीक्षक विचारतीलच.