स्लीव्हनंतर सहावा आठवडा : काटा हलत नाही, खाणं अजून कमी करू का?

पाऊलवाट (प्रश्न)

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीला (वजन उतरवण्यासाठी पोटाचा मोठा भाग काढण्याची शस्त्रक्रिया) परवा सहा आठवडे होतील. वय ३९, स्त्री, उंची १६४ सेंमी, शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११८ किलो. पहिल्या चार आठवड्यांत १० किलो उतरलं आणि गेले बारा दिवस काटा १०८ वरच आहे. कधी दोनशे ग्रॅम वर, कधी खाली.

आता मऊ आहार चालू आहे. सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी पाच चमचे घट्ट डाळ, संध्याकाळी अर्धी वाटी दही, रात्री तीन चमचे कुस्करलेला मासा. पाणी दिवसभरात जेमतेम ९०० मिली जातं. भूक अशी लागतच नाही, त्यामुळे एखादं खाणं चुकलं तरी लक्षात येत नाही.

काटा अडलाय तर खाणं अजून कमी करायचं का? दुसरं म्हणजे, आठवड्यातून दोन-तीनदा घास छातीच्या मधोमध अडकतो, तोंडात फेसाळ लाळ येते आणि ओकून टाकल्याशिवाय बरं वाटत नाही. हे चालतं का? आणि गोळ्यांमध्ये सध्या एक मल्टीव्हिटॅमिन घेते, तेवढं पुरतं का?

घोट_घोट

खाणं अजिबात कमी करू नका. तुमच्या यादीत मोजून २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं होतात. गरज किमान ६० ग्रॅमची, आणि ६० ते ८० च्या मध्ये राहिलं तर उत्तम. काटा का अडला यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

आधी काट्याचं. यकृत आणि स्नायूंमध्ये साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. दर ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम घटलं की हा साठा आधी रिकामा होतो, म्हणून सुरुवातीला वजन भराभर उतरतं. पातळावरून मऊ आहारावर आल्यावर साठा थोडा परत भरतो आणि पाणी परत येतं. तेवढ्या दिवसांत चरबी कमी होतच असते, पण ती घट पाण्याखाली झाकली जाते. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात असा थांबा बहुतेकांना येतो आणि एक ते तीन आठवड्यांत सुटतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत तो आणखी लांबल्यासारखा वाटतो. रोज काट्यावर उभं राहणं बंद करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा आणि त्याच दिवशी बेंबीच्या रेषेत टेपने कंबर मोजा. वजन थांबलेलं असताना कंबर कमी होताना दिसते.

प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायू मोडून खातं. मग अशक्तपणा येतो, केस जास्त गळतात आणि विश्रांतीत जळणारी ऊर्जा घटते, म्हणजे पुढचं वजन उतरणं आणखी अवघड. एवढ्याशा पोटात ६० ग्रॅम बसवायचे तर पातळ प्रथिनांची मदत घ्यावीच लागते. २०० मिली दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळली की १२ ग्रॅम झाले. व्हे प्रोटीनचा (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची पावडर) एक स्कूप २० ग्रॅमच्या वर देतो. साध्या दह्याऐवजी कपड्यात टांगून पाणी काढलेलं दही खाल्लं तर १०० ग्रॅममागे ८-९ ग्रॅम मिळतात, साध्यातून ३-४ च. यात तुमचं अंडं (६), डाळ (६) आणि मासा (१०) धरले की ६० पार होतात. ताटात पहिला घास नेहमी प्रथिनांचा असू द्या. भूक नसल्यामुळे घड्याळ लावूनच खा, चार वेळा.

पाण्याचा हिशेबही मांडून बघा. लक्ष्य १.५ लिटर. जेवणाआधी १५ मिनिटं थांबायचं, जेवताना प्यायचं नाही, नंतर ३० मिनिटं थांबायचं. चार जेवणांचे साडेचार-पावणेपाच तास असे गेले की जागेपणीच्या १४ तासांतले सव्वानऊ उरतात. दर १५ मिनिटांना ३० मिली, म्हणजे १५ मिलीचे दोन मोठे चमचे, घेतलं तर ११०० मिली होतात. दूध आणि व्हेचे ४०० मिली त्यात धरायचे. बाटलीवर तासातासाच्या खुणा करून ठेवा, दुपारपर्यंत मागे पडलाय का ते दिसतं. लघवी गडद पिवळी असेल तर कमीच पडतंय. सहाव्या आठवड्यातली चक्कर आणि बद्धकोष्ठता बऱ्याचदा इथूनच येते.

मऊ_आहार

घास अडकण्याबद्दल. शस्त्रक्रियेत पोटाचा ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो आणि त्यात वरचा, ताणला जाणारा फुगवटाही जातो. उरते ती १०० ते १५० मिलीची अरुंद नळी, आणि खालचं झडपेसारखं तोंड पूर्वीसारखंच आवळलेलं. पूर्वी पोट सैल होऊन पुढच्या घासाला जागा करून द्यायचं, आता तसं होत नाही. एक घास जास्त झाला किंवा नीट चावला गेला नाही की दाब सरळ वर अन्ननलिकेत येतो. मग शरीर घास ढकलायला लाळ सोडत राहतं, तोच तो फेस.

चमचा लहान घ्या, बाळाला भरवायचा. घास हरभऱ्याएवढा. तोंडात त्याची पेस्ट होईपर्यंत चावा, गिळल्यावर चमचा खाली ठेवा आणि मिनिटभर थांबा. जेवण २० ते ३० मिनिटांत संपवा, राहिलं तर राहू द्या. पोट भरल्याची खूण आता पोटात मिळत नाही. बारीक उचकी येते, शिंक येते, नाकातून पाणी येतं, नाहीतर छातीच्या हाडाखाली हलका दाब जाणवतो. यातलं काहीही झालं की तोंडातला घास शेवटचा.

मासा कोरडा असेल तर त्यावर पातळ सूप घालून ओला करा. कोरडं चिकन, दुसऱ्यांदा गरम केलेलं मांस, ताज्या पावाचा गोळा, चिकट भात आणि रेषा असलेल्या भाज्या हे नेहमीचे अडकणारे. सहाव्या आठवड्यात यांच्या वाटेला जाऊ नका.

अडकलंच तर वरून पाणी पिऊ नका. ते खाली जात नाही, घासावर साचतं आणि दुखणं वाढवतं. उभं राहा, सावकाश चाला, लाळ गिळण्याऐवजी थुंकून टाका. बहुतेक वेळा तासाभरात मोकळं होतं. ते जेवण तिथेच सोडा आणि दिवसभर पातळच घ्या.

हे सगळं पाळूनही उलट्या होत राहिल्या, किंवा मऊ सोडून पातळही परत यायला लागलं, तर घाईचा दोष समजून बसू नका. नळीच्या वळणावर अरुंदपणा आलेला असू शकतो. तो एंडोस्कोपीत (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून करतात ती तपासणी) दिसतो आणि बहुतेकदा फुग्याने रुंद करता येतो.

घोट_घोट

वरच्याला जोडून. २४ तास पातळही टिकत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शरीरात थायमिन म्हणजे बी१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. उलट्या चालू राहिल्या की तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो : तोल जाणं, दुहेरी दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं. सलाइन लावताना "ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या, माझी बॅरिॲट्रिक (वजन उतरवण्याची) शस्त्रक्रिया झाली आहे" हे वाक्य तिथल्या डॉक्टरांना स्वतः सांगा. नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं.

शांत बसलेलं असताना नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप यातलं काही दिसलं तर तासभरही थांबू नका. टाक्यांच्या रेषेतून गळती कमी जणांना होते, पण ती काही आठवड्यांनंतरही होऊ शकते.

पाऊलवाट

मनापासून आभार. नीट चावत नव्हते, हे खरं. गोळ्यांचं अजून कोणी सांगेल का? मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन आहे, रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. दोन्ही पूर्वीच्याच मात्रेत चालू आहेत. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

अर्धी_गोळी

ताई, अंधारीचं पहिलं. उद्याच डॉक्टरांना फोन करा. दिवसाला ५००-७०० कॅलरी पोटात जात असताना पूर्ण मात्रेतलं ग्लिमेपिराइड साखर धोकादायक खाली नेऊ शकतं. लघवीचं औषध आधीच कमी असलेलं पाणी आणखी काढतं. ही औषधं शस्त्रक्रियेनंतर बहुतेकदा कमी किंवा बंद करावी लागतात. मात्रा स्वतः बदलू नका, पण डॉक्टरांना आकडे द्या : उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची, बसून आणि उभं राहून मोजलेला रक्तदाब. अंधारी आली की लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून घोटघोट घ्या आणि १५ मिनिटांनी परत मोजा. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर एवढी खाली नेत नाही. ते हळूहळू सुटणाऱ्या प्रकारातलं असेल तर कुटून घेऊ नका, सगळी मात्रा एकदम सुटते.

आता जीवनसत्त्वं. एक साधं मल्टीव्हिटॅमिन पुरत नाही. बी१२ शोषायला लागणारा घटक पोटाच्या अस्तरात तयार होतो आणि त्यातलं बरंचसं अस्तर काढलेलं आहे. त्यात मेटफॉर्मिन आणि, घेत असाल तर, ॲसिड कमी करणारी गोळी दोन्ही बी१२ आणखी घटवतात. म्हणून रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम बी१२ वेगळं. पाळी चालू असलेल्या स्त्रीला एकूण ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह. कॅल्शियम आहारासकट १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० च्या वर नाही, कारण त्यापुढचं शोषलं जात नाही. ते सायट्रेट असावं, कार्बोनेटला पोटातलं ॲसिड लागतं. ड जीवनसत्त्व साधारण ३००० युनिट, पुढे रक्तातल्या पातळीप्रमाणे. मल्टीव्हिटॅमिनमध्ये थायमिन किमान १२ मिलिग्रॅम आहे ना, ते लेबलवर वाचा. जेलीसारख्या गोळ्यांमध्ये लोह सहसा नसतंच.

लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर हवं. सकाळी लोह, तेही चहा-कॉफी-दुधापासून लांब. दुपारी आणि रात्री कॅल्शियम. रक्त तपासणी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, नंतर दरवर्षी, आणि गोळ्या आयुष्यभर. दोन वर्षांनी सगळं ठीक वाटतं म्हणून बंद करणारे बरेच असतात, आणि कमतरता तेव्हाच हळूहळू वाढते.

पित्ताशय अजून असेल तर अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडबद्दल विचारा. वजन वेगाने उतरताना पित्तखडे होतात, म्हणून ते साधारण सहा महिने दिलं जातं. अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्या, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने नको.

नवी_सकाळ

केसांसाठी बायोटिन १० मिलिग्रॅम आत्तापासून सुरू करून ठेवा, पुढचं गळणं टळेल.

अर्धी_गोळी

बायोटिनची कमतरता नसेल तर त्याने हे गळणं थांबत नाही. शिवाय मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकवतं. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरणारं वजन यामुळे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात. मुळं शाबूत असतात. तीन ते सहा महिन्यांत गळणं थांबतं आणि केस परत येतात. प्रथिनं, लोह आणि झिंक नीट असणं एवढंच हातात आहे. वर्षभरानंतरही गळत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासा.

मऊ_आहार

एक राहिलं. आता नीट जाणारं काय, असं शोधताना लोक बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम यांच्याकडे वळतात, कारण ते अडकत नाही. सुळकन उतरतं आणि पोट भरल्याची खूण येतच नाही. वर्षभराने भूक परत यायला लागली की वजन वाढवणारं एक मोठं कारण हेच असतं.

साधारणपणे १२ ते १८ महिन्यांत मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के उतरतं, म्हणजे तुमच्यासाठी ८३ ते ८८ किलोच्या आसपास. १० किलो सहा आठवड्यांत गेलेत, वेग ठीक आहे. सर्जनने परवानगी दिली की आठवड्यातून दोन-तीनदा वजनांचा हलका व्यायाम सुरू करा, चालणं आहेच. गर्भधारणा १२ ते १८ महिने टाळायची असते, आणि वजन उतरताना प्रजननक्षमता वाढते, त्यामुळे गर्भनिरोधकाचं पुढच्याच भेटीत बोलून घ्या. उलट्या होत असताना तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका.