केळं, साचा आणि शाडू: शिल्पातली 'वस्तू' नेमकी कोणती?

छिन्नी:
काल इथे एकाने लिहिलं, "भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं शिल्प म्हणून खपत असेल तर हाताचं काम संपलं आणि शिल्पकलाही संपली." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

इटालियन कलाकार कातेलानचं ते केळं २०१९ साली मायामीत १ लाख २० हजार डॉलरला गेलं, २०२४ च्या लिलावात ६२ लाखांवर. घेणाऱ्याने ते खाऊन टाकलं. हातात उरलं प्रमाणपत्र आणि केळं कसं लावायचं याच्या सूचना. राग येतो, मान्य. पण मातीकाम करणाऱ्यांनी 'मूळ वस्तू' हा शब्द जपून वापरावा. आपण मातीत पुतळा करतो, त्यावर प्लॅस्टरचा साचा घेतो, माती उकरून काढतो, साच्यात प्लॅस्टर ओततो आणि शेवटी साचाही फोडतो. साच्याच्या पहिल्या थरात नीळ घातलेली असते. फोडताना निळं दिसलं की हात हलका करायचा, खाली नाक किंवा गाल आहे. पुढे ब्रॉन्झ ओततो तो ओतारी. यातली वस्तू कोणती? शिल्पकार म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' प्लॅस्टरची आहे, म्हणून ती कमी ठरली का?

कोकणवारा:
निळं दिसल्यावर थांबतो तो हातच ना? मग माझंच म्हणणं सांगितलंत. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या शिल्पालयात सिमेंटची म्हैस आहे. सिमेंट, संगमरवर नव्हे. माझी आई तिला बिचकून लांबून गेली होती. केळ्याला कोण बिचकतं?

भटकी:
केळ्यावरच का अडून बसता? चित्रकार विवान सुंदरम यांचं १९९३ चं 'मेमोरियल' घ्या. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या माणसाचा वर्तमानपत्रातला फोटो आणि त्यावर खिळे. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आठवडाभर खिडकी उघडली नव्हती आम्ही. त्या माणसाचा पुतळा केला असता तर मी पाहून पुढे गेले असते. खिळ्यांपुढून हलता येत नाही. आणि शिल्पकार मृणालिनी मुखर्जी? रंगवलेल्या दोराला गाठी मारून माणसापेक्षा उंच देह उभे केले त्यांनी. छिन्नी नाही, साचा नाही.

कोकणवारा:
मुखर्जी माझ्या बाजूच्या. गाठी हातानेच मारल्या. खिळ्यांचं मात्र मान्य, नाइलाजाने.

पेणकरीण:
प्लॅस्टर प्लॅस्टर चाललंय म्हणून बोलते. आमचा गणपतीचा कारखाना. तुम्ही प्लॅस्टर वापरलं की कला, आम्ही वापरलं की प्रदूषण! शाडूची मोठी मूर्ती पावसाळ्यात वाळत नाही, जड होते, टेम्पोत बोटं तुटतात. एका सोसायटीने हट्टाने शाडूच्याच चाळीस मूर्ती सांगितल्या आणि बारीक चिरा दिसल्या म्हणून निम्म्या परत केल्या. ते पैसे कोणी दिले?

चौकस:
ताई, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर सफाईला या. सोंड तुटलेले, पोट फुटलेले गणपती मी स्वतः उचललेत. शाडू विरघळतो, प्लॅस्टर नाही. यात वाद कसला?

पेणकरीण:
पुण्याच्या एनसीएलने, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लॅस्टर विरघळवून दाखवलंय, उरतं त्याचं खतही होतं. ते वाचायचं नाही, कारखानदाराला झोडायचं!

चौकस:
घरच्या पिंपात ठीक. वीस फुटी मूर्तीला किती पोती ओतणार? भावना दुखावल्या म्हणून समुद्र स्वच्छ होत नाही.

छिन्नी:
दोघांनी जरा थांबा, विषय वस्तूचा होता.

पेणकरीण:
मी वस्तूबद्दलच बोलतेय. मूर्ती दहा दिवसांनी पाण्यात जाते, मग आमच्याकडे काय राहतं? साचा. वडिलांचे रबरी साचे माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेले आहेत, मूर्ती एकही नाही. एका वर्षी कोणीतरी आमची मूर्ती विकत नेऊन तिच्यावरच साचा काढला आणि पुढच्या हंगामात आमचाच गणपती स्वस्तात विकला. वडील दोन दिवस जेवले नाहीत. त्या माणसाने मूर्तीचे पैसे रोख मोजले होते, तरी चोरी झालीच ना?

भटकी:
म्हणजे केळं खाल्लं तरी प्रमाणपत्र राहतं, तसंच.

कोकणवारा:
केळ्याशी जोडू नका. वडिलांची हकीगत वाचून गप्प बसलो होतो. चोरीला गेली ती वस्तू साचा होती, एवढं कबूल. पण तो साचा ज्या पहिल्या मूर्तीवरून निघाला ती कोणी घडवली होती, ते सांगा.

पेणकरीण:
आजोबांनी. शाडूत. साचा काढताना ती मोडली.