स्टूल रिपोर्ट नॉर्मल, पण जंत असावेत असं वाटतंय

चिऊची_आई: मुलगी ५ वर्षांची, रात्री झोपेत शीच्या जागी नुसती खाजवते, दोनदा पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी दिसलंही, आणि रिपोर्टमध्ये ओव्हा-सिस्ट (जंतांची अंडी, परजीवींची कवचातली रूपं) काही नाही! लॅबवाल्यांनी नीट बघितलंच नाही का? परत करू?

लॅबवाला_दादा: ताई, लॅबची चूक असेलच असं नाही. हे पिनवर्मचं (दोऱ्यासारख्या बारीक जंताचं) लक्षण वाटतंय, त्याची मादी रात्री बाहेर येऊन तिथल्या कातडीवर अंडी घालते, शीत ती क्वचितच सापडतात. सकाळी उठल्या उठल्या, शी-अंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू तिथे दाबायची आणि काचपट्टीवर चिकटवून लॅबला द्यायची. दुधी टेप नको, त्यातून काही दिसत नाही. लागोपाठ ३ दिवस करा.

पोटदुख्या: माझं वेगळंच, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) होता, दोन सँपल निगेटिव्ह आणि तिसऱ्यात सिस्ट सापडले, तोवर वजन उतरलं ते उतरलंच

लॅबवाला_दादा: हो, सिस्ट रोज पडत नाहीत म्हणून एक दिवसाआड ३ सँपल मागतो. नेहमीच्या सलाईन-आयोडीनच्या स्लाइडवर शी असते चिमूटभर, पण फॉर्मॉल-ईथर ही रसायनं घालून सेंट्रिफ्यूज केलं (यंत्रात जोरात फिरवलं) की तळाशी गाळ बसतो, त्यात कमी संख्येतली अंडीपण सापडतात. अमीबा हलताना बघायचा तर पातळ शी अर्ध्या तासात हवी, आणि लोक रात्रीचं सँपल सकाळी आणतात, तेही श्रीखंडाच्या डब्यात.

चिऊची_आई: आमचा डबा नवा होता हो 😄 उद्या ती उठायच्या आतच टेप लावते.