पाडव्याच्या संध्याकाळी आकाशातून काय पडले? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे संदेश

२ एप्रिल २०२२, शनिवार

ए-४०२, रात्री ८.०५
सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा. गुढी उतरवून आम्ही सगळे गच्चीवर गप्पा मारत बसलो होतो, तेव्हा पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटत्या निखाऱ्यांची एक लांब रांग सरकत गेली. पुढे एक मोठा गोळा होता आणि मागे पाच-सहा लहान तुकडे, प्रत्येकाला आपली वेगळी शेपटी. आवाज मुळीच आला नाही. मुलीने केलेला व्हिडिओ सोबत टाकत आहे. ही उल्का असावी, असे आम्हाला वाटते.

सी-१०३, रात्री ८.१४
माझ्याकडे तीन ग्रुपवरून तीन वेगवेगळे संदेश आले आहेत. एकात विमान पेटून पडल्याचे लिहिले आहे, दुसऱ्यात हे क्षेपणास्त्र असल्याचा दावा आहे आणि युक्रेनच्या बातम्या रोज पाहत असल्यामुळे त्याने मन धास्तावते. तिसऱ्यात वर्षाच्या पहिल्याच दिवशी आकाशातून अग्नी पडणे अशुभ असल्याचे म्हटले आहे. खरे काय ते कळेपर्यंत सर्वांना सावध करावे, म्हणून हे संदेश इथे पुढे पाठवू का?

बी-३०२, रात्री ८.३१
ताई, कृपया पाठवू नका. मी तीस वर्षे भूगोल शिकवला आहे, त्यामुळे हा व्हिडिओ चार वेळा घड्याळ लावून पाहिला. उजेड गच्चीच्या कठड्यावर दिसू लागल्यापासून समोरच्या इमारतीआड जाईपर्यंत ४० सेकंदांहून अधिक वेळ गेला आहे. उल्का इतकी रेंगाळत नाही. ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुतेक वेळा आपण बोट दाखवेपर्यंत विझलेली असते. पृथ्वीभोवती फिरणारी एखादी मानवनिर्मित वस्तू खाली येते तेव्हा मात्र तिचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो, ती जवळजवळ आडवी येते, वाटेत तुटते आणि तिचे तुकडे एकाच दिशेने, एकामागून एक चालत राहतात. व्हिडिओत नेमके हेच दिसत आहे. माझा अंदाज एखाद्या जुन्या रॉकेटच्या किंवा उपग्रहाच्या अवशेषाचा आहे. तो अंदाजच आहे, बातमी नव्हे, म्हणून तोही कोणी पुढे पाठवू नये.

डी-२०१, रात्री ८.४४
सर, माझा मुलगा फार घाबरला आहे. लोणारला सहल गेली असता त्याला सांगितले होते की आकाशातून दगड पडून ते सरोवर झाले. आता नागपूरजवळ तसेच विवर पडेल का, असे तो विचारत आहे. काय सांगू?

बी-३०२, रात्री ९.०२
त्याला सांगा की प्रश्न उत्तम आहे आणि तसे काहीही होणार नाही. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे आणि इतके मोठे विवर पडायला त्याच मानाने प्रचंड पाषाण लागतो, जो वातावरणात फारसा न मंदावता थेट बेसाल्टच्या कातळावर आदळतो. लहान तुकड्यांचे तसे होत नाही. हवा त्यांचा वेग उंचावरच शोषून घेते, पेटणे तिथेच थांबते आणि शेवटचे कित्येक किलोमीटर ते कौलावरून घरंगळलेल्या दगडासारखे नुसते खाली पडतात.

लोणारचीच आणखी एक गोष्ट त्याला आवर्जून सांगा, कारण आजच्या रात्रीला ती फार लागू पडते. तिथला सगळा खडक ज्वालामुखीचा असल्यामुळे ते सरोवरही ज्वालामुखीचे मुख असावे, असे जाणकारसुद्धा दीर्घकाळ मानत होते. पुढे १९७० च्या दशकात तळात छिद्रे पाडून नमुने काढले आणि त्यांत मॅस्केलिनाइट सापडले. प्रचंड आघाताच्या दाबाखाली फेल्डस्पार या खनिजाची जी काच होते, ती ही. ज्वालामुखीत ती तयार होत नाही. डोळ्यांसमोर असलेल्या, रोज लोक ज्याच्या काठावर दर्शनाला जातात त्या विवराचे कारण पक्के व्हायला एवढा काळ लागला, तर आज आकाशात क्षणभर दिसलेल्या उजेडाचा निकाल आपण पंधरा मिनिटांत कसा लावणार?

ए-१०५, रात्री १०.१०
माझे माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातले आहे. आत्ताच भावाचा फोन येऊन गेला. लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी कडी पडली असून सगळे गाव ती पाहायला लोटले आहे. बैलगाडीच्या चाकाच्या धावेसारखी दिसते, पण त्याहून कितीतरी मोठी, असे तो म्हणाला. सुदैवाने कोणालाही इजा झालेली नाही. वस्तीवरच पडली असती तर, या विचाराने माझे हातपाय अजून थरथरत आहेत.

३ एप्रिल २०२२, रविवार

ए-४०२, सकाळी ११.२०
कडी सुमारे तीन मीटर व्यासाची आणि चाळीस किलोंहून जड असल्याचे बातम्यांत आहे. पवनपार गावाजवळ एक गोलाकार वस्तूही सापडली आहे. उल्का नसल्याचे आता स्पष्ट झाले, पण रॉकेट कोणाचे, याबद्दल दोन मते ऐकू येत आहेत. काल संध्याकाळीच न्यूझीलंडहून एक रॉकेट उपग्रह घेऊन गेले, त्याचा हा भाग असावा, असे काहींचे म्हणणे आहे.

बी-३०२, दुपारी १२.०५
हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातले जोनाथन मॅकडॉवेल जगभरातल्या प्रक्षेपणांची नोंद ठेवतात. त्यांच्या मते हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, म्हणजे इंधन संपल्यावर सुटून वेगळा होणारा वरचा भाग आहे. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाले होते, त्याचा हा रिकामा टप्पा तेव्हापासून पृथ्वीभोवती घिरट्या घालत होता आणि काल त्याच्या खाली येण्याची वेळ व मार्ग आपल्याकडच्या दृश्याशी जुळतात. मला हे पटते. कालचे रॉकेट वर जाताना दिसले, असे मानायला व्हिडिओतला तुटण्याचा क्रम आड येतो.

गोल वस्तूचे नवल वाटू नये. रॉकेटात दाबाखालचा वायू साठवायला गोल टाक्या असतात, त्या फार चिवट धातूच्या आणि आतून पोकळ असतात, म्हणून बाकी सारे जळून गेले तरी त्या जमिनीपर्यंत पोचतात.

सी-१०३, दुपारी १२.४०
काल मी ते तीनही संदेश माझ्या बहिणीला पाठवले होते आणि ती रात्रभर झोपली नाही. आज तिला फोन करून सर्व समजावून सांगितले. कालपासून सुरू झालेल्या संवत्सराचे नावच शुभकृत आहे. त्याच्या पहिल्या दिवशी अशुभाची भीती पसरवण्यात माझा हात लागला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ए-१०५, दुपारी ३.१५
सर, तातडीने सल्ला हवा आहे. भावाच्या बांधावर आज सकाळी तळहाताएवढा, एका बाजूने वितळून गुळगुळीत झालेला धातूचा तुकडा सापडला. भाच्याने तो उचलून घरी आणला. आकाराच्या मानाने तो फारच हलका आहे. वहिनींनी हळदकुंकू लावून तो देवळीत ठेवला आहे आणि शेजारी म्हणतात की लाखो रुपये मिळतील, कोणाला दाखवू नका.

बी-३०२, दुपारी ३.२२
आधी भाच्याला साबणाने हात स्वच्छ धुवायला सांगा आणि त्याचे डोळे चुरचुरतात का, मळमळते का, याची चौकशी करा. तसे असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. काही रॉकेटांत हायड्राझिनसारखे विषारी इंधन वापरतात, त्यामुळे अशी वस्तू उघड्या हाताने उचलू नये, हुंगू नये, घासून पाहू नये. बंद गोल टाकी सापडली तर तिच्यावर हातोडा मारण्याचा विचारही करू नये. तुकडा आता घराबाहेर एखाद्या पत्र्याखाली ठेवून पोलीस पाटलांना कळवावे आणि तो जिथे सापडला तिथे एक खुंटी मारून ठेवावी, कारण कोणता भाग कुठे पडला, हे तपासणाऱ्यांना हवे असते.

लाखांचे म्हणाल, तर ती आशा सोडून द्यावी. अवकाशातून पडलेली वस्तू सापडणाऱ्याची होत नाही, आंतरराष्ट्रीय करारानुसार तिच्यावर पाठवणाऱ्या देशाचाच हक्क राहतो. त्याबरोबर जबाबदारीही त्याच देशाची असते. १९७२ च्या करारानुसार जमिनीवर नुकसान झाले तर भरपाई त्यानेच द्यायची आहे. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने शोधमोहिमेच्या खर्चाचा दावा लावला आणि अखेर तीस लाख कॅनेडियन डॉलर वसूल केले. मला मनापासून वाटते की लाडबोरीत सुदैवाने कोणी जखमी झाले नाही, एवढ्यावर आपण हा विषय सोडू नये. रिकामे टप्पे वर तसेच सोडून देणाऱ्याला ते कुठे पडतील याचा घोर नसतो, तो घोर सिंदेवाहीच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर येतो.

ए-१०५, संध्याकाळी ६.५०
भाच्याला काहीही त्रास नाही. वहिनी देवळीतून तुकडा काढायला तयार नव्हत्या, तेव्हा मी त्यांना आपल्या ग्रुपवरचा सरांचा संदेश वाचून दाखवला. त्यांनी चिमट्याने धरून तो पत्र्याच्या डब्यात घातला आणि भाऊ पोलीस पाटलांसोबत ठाण्यावर देऊन आला.

१५ एप्रिल २०२२, शुक्रवार

ए-१०५, रात्री ९.१५
इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन वस्तूंची पाहणी करून गेले. भावाच्या बांधावरची खुंटी अजून तशीच आहे आणि भाचा शाळेतल्या मुलांना नेऊन ती दाखवत असतो.